साचेखात्याची यादी

लोकांना शहाणपण शिकवायचा धंदा मी बरीच वर्षं केला. लालबाग-परळपासून गिरगावपर्यंत ज्या छोट्या दुकानांत तेव्हा नवे नवे कॉम्प्युटर येत होते, तिथे जाऊन ते जोडून द्यायचे, बिघडले तर दुरुस्त करायचे आणि निघताना चार सूचना द्यायच्या. सूचना फुकट असत, म्हणून कोणी ऐकत नसे. मसाल्याच्या दुकानात कॉम्प्युटर नेमका मिरची कांडपाच्या यंत्राशेजारी ठेवलेला असे आणि आतल्या पंख्यावर तिखटाचा थर. उघडला की शिंकून शिंकून माझा जीव जाई. दादरच्या एका लग्नपत्रिका छापणाऱ्याने तर दसऱ्याला सीडी घालायच्या फटीत हळदकुंकू वाहिलं होतं. वर मलाच विचारतो, "पूजा करूनपण बंद कसा पडला?" मी तोंडाचा फटकळ. म्हणालो, "देवाला हार गळ्यात घालतात, घशात कोंबत नाहीत."

सगळ्यात जास्त डोकं मी पासवर्डवर फोडलं. गिरणी संपाला किती वर्षं उलटली, गिरण्यांच्या जागी काचेचे टॉवर उभे राहिले, पण गिरणीतला तिकीट नंबर आमच्याकडच्या माणसांना सुटला नव्हता. हजेरीला तोच, पगाराला तोच, कँटीनला तोच. घरात म्हातारा गिरणीवाला असला की पासवर्ड मला विचारावाच लागत नसे. तो नंबर अर्ध्या चाळीला पाठ असायचा. कुलूप लावून किल्ली तिथेच खिळ्याला टांगायची, त्यातलाच प्रकार. मी प्रत्येकाला बजावायचो, की पासवर्ड म्हणजे फक्त तुम्हालाच माहीत असलेली गोष्ट. बायकोला नाही, पोराला नाही, फक्त तुम्हाला. ते मान डोलवायचे आणि पुन्हा तिकीट नंबर टाकायचे.

माझे बाबा त्यातलेच. ते साचेखात्यात होते, म्हणजे मागावर विणकर. संपात नोकरी गेली ती गेलीच. पुढे कॉटन ग्रीनच्या एका गोदामावर त्यांनी रखवालदारी केली. मागावरचा माणूस दारावर कसा बसला असेल, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आम्ही दोघं घरात कामापुरतं बोलणारे. जेवलात का, जेवलो, संपलं.

गिरणी कामगारांना घरं मिळणार अशी बोलणी सुरू झाली आणि बाबांना अचानक भाव आला. पुढे फॉर्म भरायला गिरणीत काम केल्याचा पुरावा लागणार होता, तिकीट नंबर लागणार होता, आणि अर्ध्या लोकांकडे कागदाचा कपटाही उरला नव्हता. बाबांकडे वही होती. आपल्या खात्यातल्या दीडेकशे माणसांची नावं, त्यांचे नंबर, पाळी, गाव, कोण वारलं, मागे कोण आहे, असं सगळं त्यांनी संपाच्या दिवसांत मदत वाटताना लिहून ठेवलं होतं. पुढे ते भर घालत राहिले. विधवा बायका दाराशी येऊन बसायच्या आणि बाबा चष्मा लावून वही उघडायचे. तेवढा वेळ त्यांचा चेहरा वेगळाच दिसे.

मला ती वही बघवत नव्हती. पानं सुटलेली, शाई फुटलेली. एका गिऱ्हाईकाने टाकून दिलेला कॉम्प्युटर मी घरी आणला आणि म्हणालो, "बाबा, हे सगळं यात टाका." त्यांनी टाकलं. एका बोटाने, चार-पाच महिने. तुटलेला धागा हुडकायची सवय असलेला माणूस तो, एक अक्षर चुकलं तरी अख्खी ओळ परत तपासायचा. यादी पुरी झाल्यावर मी वही रद्दीत घातली. दोन ठिकाणी माहिती ठेवली की घोळ होतो, अशी माझी आणखी एक सूचना होती. बाबा रद्दीवाल्याच्या तराजूकडे बघत उभे राहिले. मी मात्र यादीच्या तीन प्रती केल्या. एक कॉम्प्युटरवर, एक पेन ड्राइव्हवर देव्हाऱ्यात, एक सीडी बहिणीच्या घरी डोंबिवलीला. घर जळलं तरी यादी वाचेल, असं मी छाती काढून सांगायचो.

मग एक दिवस बाबा देवळात गेलेले असताना चाळीतलाच कोणीतरी त्यांचा तिकीट नंबर टाकून कॉम्प्युटरवर बसला आणि यादी उतरवून घेऊन गेला. पंधरवड्यात दोन विधवांच्या दारात दलाल उभा राहिला, नवऱ्याचं नाव-नंबर घडाघडा म्हणत, इथे अंगठा द्या म्हणून. त्या बायका हुशार, त्यांनी दिला नाही. पण बाबांनी ते फार मनाला लावून घेतलं. दोघींच्या घरी जाऊन हात जोडून आले. आणि मी काय केलं? मी तेच निमित्त साधून त्यांना झापलं. शंभरदा सांगितलं होतं, तिकीट नंबर ठेवू नका म्हणून. आता यादीच्या फाइललाच पासवर्ड लावतो, तुम्ही नवीन काहीतरी घाला, फक्त तुम्हालाच माहीत असलेलं.

बाबांनी कीबोर्ड पुढ्यात ओढला. मग म्हणाले, "तू थयसर बघ." मी तोंड फिरवून गॅलरीकडे बघत राहिलो. मागून एकेक कळ दाबल्याचा आवाज येत होता. बराच वेळ येत होता, म्हणजे शब्द चांगला लांब असावा. वळून पाहिलं तर म्हातारा लाजला होता. मी त्यांना लाजताना पहिल्यांदाच पाहिलं. मी हसून विचारलं, "काय ठेवलंत?"

"तूच सांगलंस ना, कोणाक सांगू नुको म्हणान."

मी जुन्या प्रती पुसल्या, जुनी सीडी मोडली आणि तिन्ही ठिकाणी कुलूपबंद फाइल ठेवली. माझ्या एकाही गिऱ्हाईकाने माझ्या सूचना इतक्या तंतोतंत पाळल्या नव्हत्या.

वर्षभराने बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तोंडातून नुसता घशातला आवाज निघे. कळत सगळं होतं, पण अक्षरं-आकडे जुळवता येणार नाहीत, डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं.

त्यानंतर महिन्याभराने नायगावहून एक काकी आल्या. त्यांचे यजमान बाबांच्या शेजारच्या साच्यावर होते, संपानंतर दोन-तीन वर्षांतच गेले. काकींचे कागद गावच्या घरात वाळवीने खाल्ले होते. बाबांनी त्यांना आधीच शब्द दिला होता, की नंबर माझ्याकडे आहे, फॉर्म निघाले की या. फॉर्म निघाले होते, मुदत थोडी होती, आणि त्या विश्वासाने आल्या होत्या. त्या राहायच्या ती बीडीडी चाळीतली खोलीही दिराच्या नावावर. हा नंबर मिळाला तर हक्काचं घर, नाही तर पुतण्याच्या मर्जीवर म्हातारपण.

त्यांचा फॉर्म शेवटी नंबराशिवाय गेला आणि परत आला, हे आधीच सांगून टाकतो. उगाच आशा लावण्यात अर्थ नाही. मी धावपळ केली, नाही असं नाही. कुलूप फोडायचा एक प्रोग्राम आठ दिवस चालवला. धंद्यातल्या दोघा मित्रांना फाइल दिली. कशानेही उघडली नाही. चोरलेली यादी घेऊन फिरणारा तो दलालही शोधला, त्याचा पत्ताच लागला नाही. खात्यातले चार म्हातारे शोधले, त्यांना स्वतःचे नंबर झोपेतही सांगता आले असते, दुसऱ्याचा एकालाही नाही.

पण ती दुपार मात्र अजून माझ्या डोक्यातून जात नाही. मी बाबांच्या मांडीवर कीबोर्ड ठेवला होता. त्यांनी डाव्या हाताच्या बोटाने काहीतरी दाबलं, चुकीचं निघालं. पुन्हा दाबलं, पुन्हा चुकीचं. तिसऱ्यांदा बोट कळांवरून नुसतं फिरत राहिलं आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. काकींनी कीबोर्ड हळूच बाजूला केला.

मग मी ओळींचा कागद घेतला आणि अंदाज लिहायला बसलो. आईचं नाव. माझं, बहिणीचं. गावाचं, ग्रामदेवतेचं. लग्नाची तारीख, ती आईला विचारावी लागली. गिरणीचं नाव. एकेक लिहायचो, टाकून बघायचो, खोडायचो. बाबा भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होते. प्रत्येक नावाला मी त्यांच्याकडे बघायचो आणि ते मान हलवायचे, नाही. सोळा-सतरा ओळींत मी संपलो. पान अर्धंही भरलं नव्हतं. त्यांचा लहानपणीचा सोबती कोण, त्यांना काय व्हायचं होतं, कोणाच्या आठवणीने त्यांना लाज वाटायची, यातलं मला काहीही ठाऊक नव्हतं. आईकडे पाहिलं तर ती म्हणाली, "माका काय म्हायत? ते माझ्यावांगडा तरी खंय बोलत?"

काकी अजून आशेने बसल्या होत्या. पदर सावरून त्या मला म्हणाल्या, "झिला, नीट आठव मरे. बापाशीक तुझ्या आणखी काय आवडायचा?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

बाबांनी माझ्यावरची नजर काढली आणि मान भिंतीकडे फिरवली.