कॉफीची शेगडी आणि डफ

काल मी ओली चामडी चप्पल सुकायला शेगडीजवळ ठेवली. बायको नाक दाबून ओरडली. मी मात्र डोळे मिटून तो वास छातीभर घेतला, कारण मला शेकला जाणारा डफ आठवला.

अर्जुनी मोरगावात तेव्हा गावानं मिळून एक कॉफीघर चालवलं होतं. धानाची कापणी आटोपली की दर रविवारी दुपारी तिथं शाहिरांचा सामना रंगे. शेगडी माझ्या ताब्यात, त्यामुळे पंचविशीतला मी राजाच! मी कॉफी उतरवायची, शाहिरांनी डफ शेकून ताणून घ्यायचे, मग गाणं.

त्या ढगाळ दुपारी जिंकणाऱ्याला दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत गायचं आमंत्रण मिळणार होतं. मी म्हाताऱ्या सोमाजीकाकांचा भक्त. त्यांचा डफ शेकून होताच मी कॉफीचा गंज, म्हणजे ते मोठं पातेलं, पुन्हा शेगडीवर चढवला. समोरचा तरणा मोहन ढिला डफ घेऊन ताटकळला.

"उतरव ना भाऊ!"

"उकळू दे की!" मी साळसूदपणे म्हणालो.

सोमाजीकाकांनी आपला टणटणीत डफ त्याच्या हातात दिला आणि त्याचा ढिला स्वतः घेतला. मोहन असा गायला की कपबशा थरारल्या. आमंत्रण त्यालाच मिळालं. तेव्हा वाटलं, म्हातारा हरला. आज वाटतं, तसं हरायला केवढी ऐट लागते!

"काऊन देला जी डफ?" मी चिडून विचारलं.

"ढिल्या डफाले हरवून का करू?" काका हसले आणि गंजाकडे बोट दाखवून म्हणाले, "आता दे कॉफी. बहुत उकळली असन."