तुरमायचं बंदर

लातूरच्या नळाला दहा दिवसांनी एकदा पाणी येत होतं, त्या उन्हाळ्यात पंचशीला जहाजावर गेली. तेही साध्यासुध्या जहाजावर नव्हे. अकरा मजले, पोहायचे तीन तलाव, जेवायच्या हॉलात कारंजं, आणि सफर कसली, तर दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी गाजलेल्या बंदरांची. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "नशीब काढलं सिस्टरनं." नशीब कसलं काढलं! ती चालली होती सौदामिनीबाईंना दिवसातून तीनदा इन्सुलिन टोचायला आणि त्यांची चाकाची खुर्ची ढकलायला.

सौदामिनीबाई म्हणजे मुलींच्या एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. अर्ध्या लातूरच्या बायका त्यांच्या हाताखालून गेलेल्या, त्यामुळे रस्त्यात कुणीही वाकून नमस्कार करायचं. यजमान अनंतराव वारले. एकुलती मुलगी इंदू जर्मनीत. आईच्या पंचाहत्तरीला तिनं दोघींसाठी ही सफर ठरवली आणि आईचं करायला माणूस हवं म्हणून सुई द्यायला येणाऱ्या पंचशीलेचंही तिकीट काढलं. पंचशीला आधी नकोच म्हणत होती. "मला इंग्रजी येत न्हाई, मी काय करू तिकडं?" मग इंदूनं फोनवर बंदरांची नावं वाचून दाखवली. शेवटचं नाव अलेक्झांड्रिया. ते ऐकलं आणि पंचशीला एकदम म्हणाली, "येते."

त्या नावाचं तिला काय होतं, ते इंदूला ठाऊक असायचं कारण नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात उमरीच्या बाजूला रस्त्याचं काम निघालं, तेव्हा पंचशीला बारा वर्षांची. तिचा बाप पंढरी खडी फोडायचा आणि ती टोपल्यात भरायची. पंढरी चौथीपर्यंत शिकलेला, पण छप्पनला दीक्षा घेतल्यापासून जे हाताला लागेल ते वाचायचा. उन्हात पोरांचं भान हरपू नये म्हणून तो त्यांना सम्राट अशोकाची गोष्ट सांगायचा. अशोकानं धम्म कुठं कुठं पोचवला ते दगडावर कोरून ठेवलंय, त्यात पाच यवन राजांची नावं आहेत. एका घावाला एक नाव. अंतियोक. तुरमाय. अंतिकिन. मग, हेही एका राजाचंच नाव. अलिकसुंदर. "तुरमाय मिसरचा, इजिप्तचा राजा," पंढरी सांगायचा, "त्याचं बंदर अलेक्झांड्रिया. लई मोठं. आपला धम्म तिथवर गेला, अन् आपल्याला गावच्या विहिरीवर जाता येत न्हाई." कामावर वाटायच्या सुकडीच्या रांगेत उभी असतानासुद्धा पंचशीला ती पाच नावं तोंडातल्या तोंडात घोळवायची. पुढं बाप गेला, बाकी बरंच काही विसरली, नावं नाही विसरली.

ब्याऐंशीला उस्मानाबादचा तुकडा तोडून लातूर जिल्हा झाला. नवा जिल्हा म्हणजे नवी कचेरी, नव्या जागा. पंचशीला परिचारिका म्हणून लागली आणि निवृत्त होईपर्यंत निलंग्याच्या बाजूच्या गावांतून पायपीट करत राहिली. ज्या घरांच्या उंबऱ्याआत तिला पाणी मिळत नव्हतं, त्या घरांतली बाळंतपणं तिनं केली. लेकरू आडवं आलं की तिची जात कुणाला आठवत नसे. लेकरू रडलं की आठवायची. याबद्दल ती कधी कुढत बसली नाही. नवरा व्यंकटराव एसटीत ड्रायव्हर होता, तोही अकाली गेला. म्हणजे सांगायचं काय, तर या बाईनं साठ वर्षांत स्वतःसाठी म्हणून कुणाकडं काही मागितलं नव्हतं. या वेळी मागितलं.

"अलेक्झांड्रियाला मला एक दिवस मोकळा द्या," ती इंदूला म्हणाली. "बाकी सगळीकडं मी बाईंजवळ हायच."

"दिला, सिस्टर. त्या दिवशी मी आईजवळ जहाजावर थांबते, तुम्ही सहलीच्या बसनं जा." इंदू मनानं वाईट नव्हती. तिनं सहलीच्या यादीत पंचशीलेचं नावही घातलं.

बाकी बंदरं पंचशीलेनं पाहिली ती बाईंच्या अंबाड्यावरून. रोमच्या बंदरात खुर्ची ढकलली, सिराक्यूजला ढकलली, अथेन्सला टेकडीच्या पायथ्याशी रिकामी खुर्ची धरून दोन तास उभी राहिली, कारण बाईंना तिथल्याच खुर्चीतून लिफ्टनं वर नेलं आणि खुर्ची सोडून जायची सोय नव्हती. ऱ्होड्सला तिचा सगळा वेळ बाईंसाठी संडास शोधण्यात गेला. तक्रार नव्हती. तिचा दिवस पुढं होता. त्या दिवसासाठी तिनं एक पांढरी साडी लातूरहून इस्त्री करून, वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती.

ऱ्होड्स सुटलं आणि मधला एक दिवस नुसता समुद्र होता. सकाळी दाराखालून चिठ्ठी सरकली. बाईंनी वाचली आणि हसल्या. "ऐक, दहा ते दोन पाणी बंद. दुरुस्ती आहे म्हणे. लातूर पाठ सोडत नाही बघ!" दोघीही पोटभर हसल्या. सगळ्या सफरीत दोघी मिळून हसल्या त्या एवढ्याच.

इंदू आधीच वर गेली होती. अकराच्या सुमाराला या दोघी वर जायला निघाल्या, तेव्हा बाई हात धुवायला न्हाणीत गेल्या. नळाला पाणी नव्हतंच. आता जिथं दहा दिवसांनी पाणी येतं, तिथलं माणूस कोरडा नळ बंद करत नाही. तो उघडाच ठेवायचा असतो, खाली भांडं लावून. म्हणजे पाणी कधीही येवो, आवाजानं कळतं, आणि पहिली धार वाया जात नाही. बाईंनी तेच केलं. भांडं नव्हतं म्हणून बेसिनच्या भोकाला बूच लावलं आणि नळ पूर्ण सोडून ठेवला. खाली पाणी जायच्या जाळीवर त्यांची धुवायची साडी पडली होती. पंचशीलेनं बाईंना हात धरून बाहेर काढलं, तेव्हा तो सोडलेला नळ तिनंही पाहिला. तिला त्यात वावगं काही दिसलं नाही. तिच्या घरचा नळही लातुरात तसाच उघडा होता.

वर जेवण झालं. मग एका गोऱ्या प्राध्यापकानं पडद्यावर चित्रं दाखवून अलेक्झांड्रियाचा इतिहास सांगितला. पंचशीलेला बोलणं कळलं नाही, पण ती चित्रांकडं डोळे फाडून बघत होती. जुना दीपस्तंभ, ग्रंथालय, नाण्यावरचा राजाचा चेहरा. प्राध्यापक 'टॉलेमी, टॉलेमी' करत होता. हाच आपला तुरमाय, हे तिनं बरोबर ओळखलं, आणि शेजारी इंदू होती, तिला सांगावंसं वाटलं. पण इंदू फोनमध्ये होती.

चारला खाली आल्या, तर त्यांच्या मजल्यावर गालिचे उचललेले, चार माणसं पाणी ओढतायत, आणि खोलीत घोट्यापर्यंत पाणी. खालच्या दोन खोल्यांची छतं गळत होती. पलंगाखालच्या बॅगा भिजून लगदा झाल्या होत्या. पांढऱ्या गणवेषातला एक अधिकारी दारात उभा होता. त्यानं आवाज न चढवता इंग्रजीत विचारलं, नळ कुणी उघडा ठेवला?

इंदूनं आईकडं पाहिलं. बाईंचा चेहरा एक क्षणभर अगदी लहान मुलीसारखा झाला. मग मुख्याध्यापिका परत आल्या. मान ताठ करून त्या स्वच्छ इंग्रजीत बोलल्या. पंचशीलेला त्यातले दोनच शब्द कळले, 'नर्स' आणि 'व्हिलेज'. तेवढे पुरले. अधिकाऱ्यानं तिच्याकडं पाहून समजुतीनं मान हलवली, आणि ती समजूत शिवीपेक्षा वाईट होती.

"सिस्टर, काय हे!" इंदू म्हणाली. "एवढं शिकलेलं माणूस तुम्ही. निदान विचारायचं तरी."

पंचशीलेनं बाईंकडं पाहिलं. बाई पर्समध्ये चष्मा शोधत होत्या. चष्मा त्यांच्या नाकावर होता.

तेव्हाच बोलायला हवं होतं. कुणीही म्हणेल, एक वाक्य तर होतं. पण पंचशीलेला चारचौघांत पंचाहत्तरीच्या बाईला खोटं पाडवेना. आणि तिला खात्री होती, अगदी मनापासून खात्री होती, की बाई गांगरल्यात, जरा वेळानं बोलतील. जन्मभर मुलींना खरं बोलायला शिकवलेली बाई, ती काय अशी राहील?

मग इंदूनं दुसऱ्या दिवसाचं ठरवून टाकलं. सकाळी खोली बदलायची, सामान वाळवायचं, तिथं कुणीतरी हवं. "तुमच्यामुळं झालंय, तर तुम्हीच थांबा, सिस्टर. आईला घेऊन मी जाते, दुपारची सुईही मीच देईन. तुमच्या सहलीच्या तिकिटावर तिला नेता येईल, माझं वेगळं काढते, मी बोलले त्यांच्याशी."

संध्याकाळी पंचशीलेनं बाईंना सुई दिली. बाई बोलल्या नाहीत. सकाळी पुन्हा दिली. खिडकीत बंदर येऊन उभं होतं. बाईंच्या बुटांचे बंद बांधताना तिनं मुद्दाम वेळ लावला. बाई म्हणाल्या, "जरा सैल बांध गं. पाय सुजतात." आणि गेल्या.

सामान हलवून झाल्यावर ती खाली शिडीशी गेली. इजिप्तमध्ये व्हिसा नसल्यानं यांना सहलीच्या गटाबरोबरच उतरता येत होतं, आणि गटातून तिचं नाव निघालं होतं. शिडीवरच्या माणसानं तिचं कार्ड यंत्रात घातलं, यंत्र किंचाळलं, त्यानं हसून नकाराची मान हलवली. पलीकडं वीस पावलांवर जमीन होती. जमीन कसली, सिमेंट. त्यावर एक पिवळं वाहन, तेलाचे डाग, आणि टोपी घातलेला एक माणूस सिगारेट ओढत बसलेला. लातूरच्या आडत बाजारात बसावा तसा. बघण्यासारखं काही नव्हतं, आणि ती तासभर बघत राहिली. मागून माणसं यायला लागली, तेव्हा बाजूला झाली. नव्या खोलीत येऊन तिनं पांढरी साडी उलगडून वाळत घातली. वर्तमानपत्राची शाई तिच्यावर उमटली होती. त्या खोलीत दार लावून पंचशीला रडली. ती रडली ते बंदरासाठी नव्हे. हे सगळं ऐकायला बाप आता नाही, याचं तिला बरं वाटलं, म्हणून रडली.

संध्याकाळी सहाला सगळे परतले. बाईंचे गाल उन्हानं लाल झाले होते. जहाज सुटायला थोडा वेळ होता. इंदू अंघोळीला गेली, आणि न्हाणीतून पाण्याचा आवाज यायला लागला, तसं बाईंनी पर्समधून फ्रीजला चिकटवायचं एक लोहचुंबकाचं चित्र काढलं. दीपस्तंभाचं. "तुझ्यासाठी आणलं."

पंचशीलेनं हात पुढं केला नाही. तिनं इन्सुलिनची डबी उघडली.

बाईंनी न्हाणीच्या दाराकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मला आठवतंय गं. मीच सोडला होता. पण इंदूला कळलं असतं ना, तर संपलंच होतं. गेल्या महिन्यात गॅस चालू राहिला, तेव्हापासून ती लातूरचा फ्लॅट विकून मला पुण्याच्या वृद्धाश्रमात ठेवायचं म्हणतेय. आईचं डोकं चालत नाही म्हणते. नळाचं कळलं असतं तर माझं घर गेलं असतं, पंचशीला." त्यांचे डोळे भरले, आणि ते खोटे नव्हते. "तुझं काय, तुला कोण काय म्हणणार? एक दिवसच तर होता."

पंचशीलेनं सुईत औषध भरलं, उजेडाकडं धरून हवा काढली.

"तू तोंड उघडलं नाहीस," बाई म्हणाल्या. "समजून घेतलंस. तुझे उपकार जन्मभर विसरणार नाही."

"उपकार न्हाईत बाई," पंचशीला म्हणाली. "मला काय ठाव तुमच्या घराचं? मी गप राहिले, कारण मला वाटलं, तुम्ही बोलाल. बुटाचे बंद बांधून होईस्तोवर वाट बघून राहिले होते."

बाईंनी ते चित्र पर्समध्ये परत ठेवलं. पंचशीलेनं त्यांचा पदर बाजूला केला, कापसानं जागा पुसली आणि सुई टोचली.