चालू यंत्राची नक्कल

चलथाणहून अप्पांच्या मुलीचा फोन आला, तेव्हा मी भेस्तानच्या आमच्या रक्तपेढीत पिशव्यांना लेबलं लावत होते. “ताई, पप्पा सकाळी गेले...” एवढंच ती बोलू शकली. त्याला आता दीड महिना झाला.

सुधाकर अप्पा मूळचे अमळनेरकडचे. बमरोलीच्या मिलमध्ये यंत्रं दुरुस्त करता करता कॉम्प्युटर शिकले आणि पुढे आमचा सर्व्हर सांभाळू लागले. पेढीच्या डॉक्टरांशी गुजराती, माझ्याशी मराठी, आणि घाबरले की अहिराणी.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी तो जुना सर्व्हर टकटक वाजू लागला. डिस्क शेवटच्या घटका मोजत होती आणि बॅकअप काही उघडेना. आतलं सगळं उचलून नव्या सर्व्हरमध्ये व्हर्च्युअल मशीन म्हणून, म्हणजे यंत्राच्या आतलं यंत्र म्हणून बसवणं, एवढा एकच मार्ग उरला होता. “बंद करी दो ने, पछी निरांते कॉपी करो,” डॉक्टर म्हणाले. आधी बंद करायचं आणि मग निवांत कॉपी करायची, रीत तीच होती. बंद यंत्राची नक्कल स्वच्छ उतरते. पण अप्पांनी मान हलवली. “ही डिस्क एकदा थांबली की परत फिरायची नाही, साहेब. चालू ठेवूनच उचलतो.” मधेच नोंदी बदलल्या तर नक्कल बिघडेल, म्हणून त्यांनी रक्ताच्या नोंदींचा आमचा प्रोग्रॅम तेवढा बंद केला आणि मला कागदी रजिस्टर दिलं.

नक्कल निम्म्यावर आली आणि खिडकीशी एक बाप धापा टाकत उभा राहिला. त्याच्या थॅलेसेमियाच्या मुलीला तातडीनं रक्त हवं होतं. तिला कुठलं रक्त चालत नाही, ते त्या बंद प्रोग्रॅममध्ये होतं.

“अप्पा, दोनच मिनिटं चालू करा.”

“नाही.”

“पोरगी आहे हो ती!”

“आता डिस्कवर भार टाकला तर तिची नोंद जाईल, आणि बाकी सगळ्यांचीही. तू हातानं जुळवून बघ.” मग खालच्या आवाजात, “भिऊ नको, मी शे ना आठे.”

‘मी आहे ना इथे’ म्हणणाऱ्या त्यांचा त्या क्षणी मला भयंकर राग आला. बापानं आणलेला मुलीच्या रक्ताचा नमुना आणि पिशव्यांचे नमुने घेऊन मी बसले. पहिली पिशवी जुळली नाही. दुसरीही नाही... काचेपलीकडे तो बाप नुसता बघत होता. तिसरी जुळली. पिशवी त्याच्या हाती दिली आणि रजिस्टरात नोंद केली.

नक्कल संपली. जुना सर्व्हर बंद केला, तो पुन्हा उठलाच नाही. नवं मशीन पहिल्यांदा निळा पडदा दाखवून अडलं. अप्पांनी डिस्क चालवणारा छोटा प्रोग्रॅम, ड्रायव्हर, बदलला, तेव्हा सुरू झालं. मी आधी त्या मुलीचं नाव शोधलं. नोंद शाबूत होती आणि तिसरी पिशवी बरोबर होती. अप्पा बाहेर जाऊन पायरीवर बसले. “तिसरीबी जुळली नसती, तर मी काय केलं असतं?” त्यांनी विचारलं. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

त्यानंतर दर महिन्याला ते बॅकअपमधून एक वेगळं मशीन उभं करत आणि कुणालाही एक नाव सांगायला लावून त्याची नोंद त्यात उघडून बघत. “कॉपी आहे म्हणू नका, उघडून दाखवा.” आता हे काम माझ्याकडे आहे. परवा काउंटरवरच्या हेतलबेनला नाव विचारलं. ती म्हणाली, “अप्पांचंच टाका ना.”

अप्पा नेमानं रक्त देत. नोंद उघडली. ओ पॉझिटिव्ह, आणि शेवटच्या रकान्यात : पुढील रक्तदानास पात्र. तो रकाना बदलणं माझंच काम आहे. अजून बदललेला नाही.