एल्सामावशीचा पाव

समोरच्या एल्सामावशी गेल्याचं आईने फोनवर सांगितलं, तेव्हा मी कतारमधल्या आमच्या मराठी मंडळासाठी पत्रक लिहीत होते : ‘कतारला येऊनही स्थळ सुचवताना जात विचारता, लाज नाही वाटत?’ पुढचं वाक्य सुचलंच नाही... महिना झाला, पत्रक अर्धवटच आहे.

दोहाच्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या इमारतीत आमची दारं समोरासमोर. लहानपणी शाळेच्या बसमधून उतरले की मी आधी मावशीच्या स्वयंपाकघरात. ती घरीच पाव भाजायची आणि वाफ निघत असतानाच हाताने मोडायची. त्यामागे केवढं रामायण आहे, ते मला फार उशिरा कळलं. तिचे पूर्वज जर्मनीतले, कट्टर लुथेरन. प्रशियाच्या राजाने लुथेरन आणि रिफॉर्म्ड, दोन्ही प्रोटेस्टंट पंथांना एकाच चर्चमध्ये कोंबलं. प्रभुभोजनात, म्हणजे येशूच्या आठवणीत पाव खायच्या विधीत, रिफॉर्म्ड लोक पाव मोडत. लुथेरन पावाची पातळ, अख्खी चकती घेत. राजाचा हुकूम नको म्हणून ही माणसं जहाजात बसून अमेरिकेला गेली. राजापुढे वाकली नाहीत, त्याला माझा सलाम! पण तिथे राजा नव्हता, तरी भांडण पिढ्यान्‌पिढ्या जपलंच ना? मावशीने रिफॉर्म्ड मुलाशी लग्न केलं आणि थोरल्या भावाने, कार्लने, तिच्यासोबत प्रभुभोजन घेणं सोडलं. घरीसुद्धा तो पाव सुरीनेच कापायचा.

गेल्या हिवाळ्यात तो अमेरिकेहून दोहाला आला. शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, मीच दोघांना चर्चला नेलं. पाव मोडायची वेळ झाली, तसा हा उठून बाहेर उन्हात जाऊन उभा राहिला. मावशी दाराकडे बघत राहिली...

घरी आल्यावर तो झोपायला गेला आणि मी भडकले. “असल्या भावाला खलास म्हण, संबंधच तोड, मावशी!”

“तुझ्या पत्रकांना एक बाजू पुरते गं,” ती हसली. “मला भाऊ एकच आहे. एकदा त्याने मोडलेला पाव माझ्यासोबत खावा, बास.”

ते राहिलंच.

मावशीचा नवरा आधीच गेलेला, म्हणून परवा कार्ल तिचं घर आवरायला आला. फ्रीजरमध्ये तिचा शेवटचा पाव निघाला. मी तो गरम करून टेबलावर ठेवला.

“सुरी?” त्याने विचारलं.

सुरी माझ्या हाताशी, खणात होती. “नाहीये,” मी म्हणाले.

त्याने पाव स्वतःकडे ओढला. मग दोन्ही हातांनी त्याने तो पाव मोडला. एक तुकडा मला दिला, एक स्वतः घेतला, आणि एक मावशीच्या खुर्चीसमोर ठेवला.

तो उचलायचं धाडस आम्हा दोघांनाही झालं नाही.