कार्ड काढणारा

आमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहायच्या भाषेची नवी आवृत्ती आली आणि वाशीमकडच्या शाळांचे निकाल छापणारा, विकत घेतलेला प्रोग्राम बंद पडला. तो भोकं पाडलेल्या कार्डांवर असे, एका कार्डावर एक सूचना. दुरुस्ती तिकडच्याच मालेगावच्या एका सहकाऱ्याकडे होती. मशीन ज्या कार्डावर अडे, ते तो गठ्ठ्यातून काढी आणि त्याच्या कोपऱ्यानं कान कोरी. याला तो दुरुस्ती म्हणे.

“चालून राह्यलं ना, बाई! कायले डोकं लावता?”

त्यातल्या एका कार्डावर प्रॅक्टिकलचे गुण बेरजेत मिळवायची सूचना होती. मानोऱ्याची एक हुशार मुलगी नापास छापली गेली आणि बाप तिला शाळेतून काढायला निघाला. मी ते कार्ड नव्या आवृत्तीच्या पद्धतीनं लिहून परत गठ्ठ्यात बसवलं, तेव्हा ती पास झाली.

बातमी सांगायला मात्र तोच मानोऱ्याला गेला. “मशीनले मीच ताळ्यावर आणलं,” म्हणाला आणि पेढे खाऊन आला.