साडेसहाची रायफल

माइस्टरांच्या लोखंडी कपाटात दोनच जातीच्या गोळ्या. बारीक पॉइंट बावीसची निशाण्यासाठी आणि आठ मिलिमीटरची रानडुकरासाठी. तिसरी नाही म्हणजे नाही. नेमबाजीच्या क्लबातले लोक नवनवीन रायफली घेऊन मिरवत, हे दोन बोटं दाखवून म्हणत, "त्स्वाय. गेनुग." दोन. बस्स झाल्या.

जर्मनीत गेर्लिंगेनला मुलाकडे राहायला आलो, तेव्हा पहिली ओळख झाली ती यांची. कारखान्यातून माइस्टर, म्हणजे मुकादम होऊन निवृत्त झालेले. सगळे त्याच नावाने हाक मारत. मी चौथी शिकलेला, पण फौजेत चौदा वर्षं कोतात, म्हणजे हत्यारांच्या खोलीत काढलेली. गोळ्यांच्या जाती जितक्या कमी तितक्या चुका कमी, हे मला पुस्तकातून कळायला नको. म्हणून आमचं जमलं. रविवारी मुलगा मला क्लबात नेई. माइस्टर नेम धरत, मी मागे बसून बघे. नेम बसला की एकदा मान हलवायचो. दोनदा कधी हलवली नाही.

एका बाईने आपल्या गेलेल्या नवऱ्याची रायफल त्यांना फुकट देऊ केली. माइस्टरांनी ती पुसली, तेल दिलं, खांद्याला लावून पाहिली आणि परत केली. गोळी वेगळी होती ना! मी घरी येऊन म्हणालो, "माणूस असावा तर असा."

आणि याच माणसाने गेल्या पानगळीत साडेसहा मिलिमीटरची कोरी रायफल आणून क्लबातल्या टेबलावर ठेवली.

मी मुलाला म्हणालो, "विचार त्यांना, शब्द कुठे विकलात?"

"अण्णा, हे मी नाही सांगणार."

"मग मीच सांगतो."

नातवंडांमुळे मला जर्मन यायचं ते बहुतेक दूध, झोप, खेळणं असलंच. त्यातलं एक मोठ्यांदा म्हणालो, "श्पीलत्सोइग!" खेळणं! सगळं टेबल हसलं. या देशात माझ्या बोलण्यावर पहिल्यांदाच कुणी हसलं होतं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

माइस्टर हसले नाहीत. "या, या," म्हणजे हो, हो, एवढंच म्हणाले. नवी रायफल पेटीत घातली, सोबतची जुनी आठची काढली आणि पाच गोळ्या मारल्या. पाचही मधोमध. मग रायफल डाव्या हाताने खाली ठेवली. मी मान हलवली. दोनदा.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. मुलाने चौकशी केली. उन्हाळ्यात त्यांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं. आठचा धक्का झेलायचा नाही, अशी डॉक्टरची ताकीद होती. साडेसहाची लाथ हलकी, म्हणून नियम मोडला होता. चारचौघांत खांदा दुखतो म्हणून सांगणं त्यांना जमलं नाही. मलाही जमलं नसतं. त्या पाच गोळ्यांनी खांदा कायमचा गेला. रायफली विकल्या, कपाटही विकलं.

सून म्हणाली, "अण्णा, जाऊन या ना. दोन गल्ल्या तर आहेत."

"त्यांनी आधी सांगायला नको?" मी म्हणालो. अख्खा हिवाळा हेच म्हणत राहिलो.

मार्चात ते मुलीकडे कायमचे हांबुर्गला निघाले. जाण्याआधी स्वतः आमचा जिना चढून आले आणि डावा हात पुढे केला. बसमध्ये परक्या माणसाला कोपर लागलं तरी मी "एन्टशुल्डिगुंग" म्हणतो, माफ करा म्हणतो, दिवसातून दहादा. त्यांचा हात हातात होता, शब्द येत होता. मी "च्यूस" म्हणालो. दुकानातून निघताना 'येतो' म्हणतात ना, तसं.