मोरचुदाचा हौद

मंगरूळपीरच्या आमच्या घरामागे पाणी साठवायचा हौद होता. पुरुषभर खोल, चार दगडी पायऱ्यांचा. अब्बा रंगारी होते. दिवसभर लुगडी-पागोटी रंगवायची आणि जो दिसेल त्याच्यावर ओरडायचं, हा त्यांचा धंदा. राग नाकावर असे. माझाही तसाच. खाण तशी माती.

हौदात अब्बांचे मासे होते. आजोबांनी नदीतून आणून सोडलेल्यांची पिल्लावळ. रोज संध्याकाळी अब्बा भाकरीचा तुकडा घेऊन काठावर बसत आणि एकेक घास पाण्यात सोडत. घरात ज्यांच्यावर ते कधी ओरडले नाहीत, असे जीव तेवढेच.

त्याच हौदात मी पोहायला शिकले. बाराव्या वर्षी कळलं की पुढच्या उन्हाळ्यापासून मला पडद्यात बसवणार. म्हणजे पोहायला हा शेवटचाच उन्हाळा. नेमकं तेव्हाच शेवाळ माजलं. पाणी हिरवं झालं, पायऱ्या बुळबुळीत झाल्या, आणि एका सकाळी अम्मी घागरीसकट घसरली. मनगट मोडल्याचा आवाज मी चुलीपाशी ऐकला. अब्बांनी आधी घागर भिंतीवर आपटली, मग अम्मीला उचललं.

"आठ दिवसांत हे शेवाळ गेलं नाई, तर हौद बुजून टाकतो!" ते गरजले. "कायले पायजे असा हौद?"

विहीर तळाला गेलेली. हौद उपसून पुन्हा भरायचा तर महिना गेला असता. मग मीच शेवाळावर तुटून पडले. विटेच्या तुकड्याने पायऱ्या खरवडल्या, काथ्याने भिंती घासल्या. बोटांची सालं निघाली, पाण्यात रक्त पडलं, तरी थांबले नाही. शेवाळाला गळा असता तर मी तो दाबला असता. दोन दिवसांत ते मेलं पुन्हा उगवलं.

शेजारच्या बागेतल्या माळीकाकांनी माझे हात पाहिले. "काहून मरून राह्यली पोरी? फडक्यात चिमूटभर मोरचूद बांध अन् पाण्यातून फिरव."

मोरचूद आमच्याकडे मडकंभर होतं, रंगकामाला लागायचं. पण चिमूटभर? रंगाऱ्याच्या घरात कोणी चिमटीने टाकत नाही. पाण्याला रंग चढेस्तोवर टाकायचं, एवढंच मला ठाऊक. दुपारी अब्बा बाजारात गेले आणि मी पाणी निळंशार होईपर्यंत मुठीवर मुठी टाकल्या. माशांची मला आठवणसुद्धा झाली नाही. ती लाज आजही जात नाही.

सकाळी शेवाळ करपून तरंगत होतं आणि त्यात मासे पोट वर करून पडले होते. अब्बांनी रंग ढवळायची काठी उचलली. पहिला फटका पाठीवर, दुसरा कानावर. अम्मी मोडका हात सांभाळत मध्ये आली, तिलाही बसला. काठी मोडली तेव्हा त्यांनी चप्पल काढली. मी रडले नाही, किंचाळले, "शेवाळ गेलं ना! तुमी बोलले होते! आता हौद बुजवायचा नाई!"

त्यांचा हात तसाच वर राहिला. "हो," ते म्हणाले, "बोललो होतो."

मग महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. मासे त्यांनी परसात पुरले, हौद उपसला, घासला, आणि रोज काम आटोपल्यावर विहिरीच्या तळातून पाणी शेंदून हौदात ओतलं. तळहातांना फोड आले. मी मदतीला गेले तर बादली अंगावर फेकली.

हौद भरला त्या संध्याकाळी म्हणाले, "जा, उतर."

मी उतरले. पाणी तळापर्यंत स्वच्छ होतं. अब्बा नेहमीच्या जागी येऊन बसले आणि सवयीने घास मोडून त्यांनी हात पाण्यावर धरला. मग त्यांनी हौदात पाहिलं. हौदात मी एकटीच होते. तो घास त्यांनी स्वतःच्या तोंडात टाकला आणि ते आत निघून गेले.

पडद्यात जायला अजून बरेच महिने होते. पण त्या हौदात मी परत पाय घातला नाही.